वाचलेली पऱ्हाटी

कापसाची शेवटची वेचणी उरकली, तेव्हाची गोष्ट. रानातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, उपटून, कारखान्यात भरडून, दाबून त्यांच्या जळणाच्या विटा करायचं ठरलं. बांधालगतची एक पऱ्हाटी घाबरली. तिने मुळं घट्ट रोवून धरली.

"राहू दे, एकीसाठी कंबर कशाला मोडायची?" असं म्हणून शेतकरीण गिरजाबाई निघून गेली.

वाचल्याचा आनंद दोन दिवस पुरला. मग रानात बोलायला कुणीच उरलं नाही.

थंडीतल्या एका संध्याकाळी गिरजाबाईच्या अंगणात उजेड दिसला. "तिथे काय पेटलंय?" पऱ्हाटीने बांधावरच्या बाभळीला विचारलं.

"तुझ्या बहिणी, विटा होऊन आलेल्या. पोरं शेकत बसलीत."

"आणि मी?"

"तू वाचलीस."

तेवढ्यात बुंध्याशी वाळवी मायेने म्हणाली, "एकटी कशी गं? मी आले ना."