हेस्टरचे ओठ

"मास्तर, मग माझ्या पुस्तकात उणं काय आहे?"

एडमंडने हे तिसऱ्यांदा विचारलं. जोसाया मास्तर नुसती पानं उलटत राहिले.

इंग्लंडमधल्या त्या गिरणीगावात मास्तरांनी चाळीस वर्षं माग चालवला होता. रविवारी ते चर्चच्या शाळेत मुलांना अक्षरं शिकवायचे. एडमंड त्यांच्याकडेच शिकला, पण गिरणीत त्याने कधी काम केलं नव्हतं. आता तो लंडनमधला नावाजलेला लेखक होता. गिरणीतल्या मजुरांच्या हालांवर त्याने लिहिलेली कादंबरी घरोघर वाचली जात होती.

"मोठमोठ्या घरच्या बायका वाचून रडल्या, मास्तर."

"रडू देत. रुमाल आमच्याच मागावरचे आहेत."

एडमंडला हसू आलं नाही. आपण खरं लिहिलंय, एवढं त्याला या एका माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे वाच."

"हेस्टर मुकी होती. भुकेने तिचे ओठ सारखे हलत..."

"मुकी?"

"पुस्तकासाठी सहा दिवस तिच्या मागाशेजारी उभा होतो मी. एक शब्द बोलली नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे बघत सावकाश ओठ हलवले. आवाज मात्र आला नाही.

"काय म्हणालात?"

"चहा घेणार का, म्हणालो."

एडमंड त्यांच्या ओठांकडे पाहत राहिला.

"मागांच्या खडखडाटात कानांचा उपयोग नसतो, एडमंड. तिथे सगळी जणं अशीच बोलतात."

एडमंडचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं असेल की."

तो ताडकन उठला. "मी आत्ता जातो तिच्याकडे. तिलाच विचारतो."

"बस. गेल्या थंडीत वारली ती. छातीचं दुखणं."

तो बसला.

मग मास्तरांनी हळूच विचारलं, "कसे हलवायची ओठ?"

एडमंडला नीट आठवत होतं. त्याने तसे हलवून दाखवले.

"पुन्हा."

त्याने पुन्हा हलवले.

"तू उभा कुठे होतास?"

"तिच्या उजव्या हाताला. यंत्राच्या फिरत्या पट्ट्याजवळ."

मास्तरांनी पुस्तक मिटून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मागे सरक लेकरा, म्हणत होती... पट्टा ओढून नेईल."