धरला हात न सोडण्याच्या वशाची कहाणी

ऐक गौराई, तुझ्याच अंगणातली कहाणी. आटपाट नगर होतं. नगरात एक तेली होता, एक कुंभार होता. तेल्याची लेक साळू, कुंभाराची लेक गोदी. दोघी दहा-दहा वर्षांच्या. एकीनं एक घागर भरली की दुसरीनं दोन भरायच्या. एक झाडावर चढली की दुसरीनं वरची फांदी गाठायची. आया म्हणत, "पोरी आहेत की मांजरी?"

श्रावण आला. मंगळवारी गौर बसली. नगराची चाल अशी, की फुगडीत जी शेवटपर्यंत टिकेल तिनं गौरीचा कळस डोईवर घ्यायचा, नदीवर सगळ्यांच्या पुढं चालायचं. आधी पडेल, आधी थांबेल, ती हरली. साळूला कळस हवा होता. गोदीलाही हवा होता.

मग दोघी उभ्या राहिल्या. पायाला पाय लावला, हातात हात धरला. दहा फेर झाले, वीस झाले, शंभर झाले. साळूला धाप लागली. डोळ्यांपुढं कळस दिसू लागला. मग तिनं काय केलं? भर वेगात हात सोडला. गोदी कट्ट्यावर आपटली, कोपर फुटलं. साळू ओरडली, "गोदी पडली! मी जिंकले!" कळस साळूनं नेला. बायांना वाटलं, हात निसटला. पोरींनी मात्र पाहिलं होतं.

दुसरा मंगळवार आला. साळू परकर खोचून अंगणात गेली. एकीला म्हणाली, "चल गं फुगडी." ती म्हणाली, "पायात काटा गेलाय." दुसरीला म्हणाली. ती म्हणाली, "माझं दळण राहिलंय." तिसरी सगळ्यांत धाकटी. तिला थाप मारता येईना. ती म्हणाली, "तू हात सोडून टाकतेस."

साळूला राग आला. "नका येऊ जा!" म्हणाली, आणि खांबाला धरून फिरू लागली. खांब काही फिरेना. कपाळाला टेंगूळ मात्र आलं. पोरी खो खो हसल्या.

मग साळू विहिरीवर रडत बसली. तिथं एक म्हातारी आली. ती गौराईच होती. "का गं रडतेस? कळस तर नेलास."

"आजी, कळस नको. मला कोणी हात देत नाही."

"वसा सांगते. पण उतशील, मातशील, जिंकलीस की टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"मग ऐक. जिला पाडलंस तिच्याकडं जा. चारचौघींत खरं बोल. तिच्याशी पाच फुगड्या घाल. धरला हात सोडू नको. हरलीस तर आपल्या तोंडानं सांग. जिंकलीस तर आधी तिला सावर, मग हस. हरून कोणी मरत नाही." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

तिसरा मंगळवार आला. साऱ्या जमल्या. साळू गोदीपुढं उभी राहिली. "गोदे, माझा हात निसटला नव्हता. मी सोडला."

साळूच्या आईनं कपाळावर हात मारला. गोदीनं कोपर पुढं केलं. "खपली बघ. आज सोडशील?"

"नाही."

"सोडलास तर झिंज्या उपटीन."

"उपट."

"मग ये."

एक फुगडी झाली, दोन झाल्या, चार झाल्या. पाचवी कळसाची. शंभर फेर झाले. साळूला तीच धाप, तोच वेग. बोटं सैल करायचा अवकाश, की कळस घरी. साळूनं बोटं आवळली. पावलं हळू केली, गोदीला सरळ उभं केलं, मग धपकन खाली बसली. "दमले गं. गोदी जिंकली."

गोदी धापा टाकत म्हणाली, "आणखी दोन फेर, की मीच बसले असते."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुला? तुला कशाला सांगू?"

बाया पोट धरून हसल्या. गोदीनं कळस डोईवर घेतला, ऐटीत पुढं निघाली. साळू मागून चालली. शेजारून एका म्हातारीनं विचारलं, "हरलीस?"

"हरले."

"मग हसतेस कशाला?"

"आजी, इतकी कधी फिरलेच नव्हते! आता पुढल्या मंगळवारी बघा."

जशी गौराई साळूला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. लेकींना तोडीस तोड जोडीदारीण मिळो, धरला हात सुटू नये. साठा उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली. सुफळ झाली, संपूर्ण झाली.