येसाईची तीन हातांची झिलई

एका राज्यात पाणी टिकेनासं झालं. विहिरी तुडुंब, नद्या वाहत्या. पण घागर भरून निघावं तर घर येईतो ती झिरपून रिकामी. माणसं ओंजळीनं पीत, आणि तान्ही लेकरं घेऊन नदीकाठीच निजत.

हे काम कर्कट मांत्रिकाचं. राजकन्या हेमकळेनं त्याला वरायला नकार दिला, तेव्हा त्यानं सगळ्या भांड्यांना शाप दिला. राजकन्येलाच कच्च्या मातीची मूर्ती करून आपल्या अंगणात नेऊन ठेवलं.

राजवाड्याची कुंभारीण येसाई हिनं हेमकळेला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एके दिवशी साळुंकीनं तिला खबर दिली, "मूर्तीच्या गालाला भेग गेली." त्यानंतर येसाईला ना अन्न गोड लागे, ना एका जागी बसवे. साळुंकीला घेऊन ती सात डोंगर ओलांडून गेली.

तिनं हेमकळेला परत मागितलं. कर्कट म्हणाला, "या कुंडातली झिलई घे. ही कच्ची घागर बुडवून, हा रांजण ओतून आणि राजकन्या कुंचल्यानं झिलवायची. दिवस मावळायच्या आत. साधलं तर शाप सुटेल. एक ओघळ दिसला, एक जागा कोरी राहिली, तर हिची माती होईल."

त्या झिलईला, म्हणजे मातीवर चढणाऱ्या काचेसारख्या लेपाला, भट्टी लागत नसे. मावळतीचं किरण पडलं की ती पक्की होई.

येसाईनं बोट बुडवलं. झिलई काकवीसारखी दाट होती. तिनं पळी पळी पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा बोट बुडवलं. सायीच्या दुधासारखा थर बसला. तीन अंक मोजून घागर बाहेर काढली; थर सारखा आला.

रांजण कुंडात मावेना. ओतलेली झिलई कोरड्या मातीनं शोषायच्या आत बुडापर्यंत धावायला हवी, म्हणून तिनं आणखी पाणी घातलं. आत ओतली, रांजण आडवा घोळवला, उरलेली बाहेरून सोडली. रांजणही साधला.

आता झिलई ताकाएवढी पातळ झाली होती. कर्कट हसला. "कुंचल्याला ही ओघळणार. घातलेलं पाणी कसं काढशील?"

"बसून," येसाई म्हणाली.

आणि बसली. गाळ खाली बसायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. पण जीव ऐकेना. ती उठे, कुंडात वाकून पाही, हात पाठीमागे बांधून पुन्हा बसे.

"सावली उंबऱ्याला लागली," साळुंकी म्हणाली.

"लागू दे. ढवळलं तर सगळं गेलं."

"गालाची भेग हनुवटीपर्यंत आली."

येसाईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वर नितळ पाणी आलं होतं. तिनं ते करवंटीनं हलकेच उपसलं. साळुंकीनं चोचीतून बाभळीचा डिंक आणला. तो विरघळवून घातला, आणि झिलई कुंचल्याला धरून राहू लागली. एक हात उभा दिला, दुसरा आडवा, भेगेत तिसरा. कानामागची शेवटची जागा भरली, तोच मावळतीचं किरण मूर्तीवर पडलं.

मूर्तीनं पापणी हलवली. "येसाई, तुझे हात थरथरताहेत."

"आता थरथरू देत, बाईसाहेब."

शाप कर्कटावरच उलटला आणि तो उभ्या जागी मातीचं ढेकूळ झाला. दोघी राज्यात परतल्या तेव्हा नदीकाठ मोकळा होता, आणि घराघरांत चुली पेटल्या होत्या. येसाईला पहिल्याच घरातून तांब्याभर पाणी मिळालं. ती उंबऱ्यावर टेकली आणि सावकाश, घोट घोट प्यायली.