नवरीच्या हळदीची बरणी

बरण्यांना वाचा होती त्या काळी रेवणशेठच्या दुकानात, उन्हाच्या फळीवर, एक काचेची आणि एक चिनी मातीची बरणी शेजारी बसत. दोघींच्या पोटात एकाच पोत्यातली हळद.

"काय गं अपारदर्शक बाई, आरपार काही दिसत नाही. पोटात काय दडवलंयस?" काचेची रोज टोमणा मारी. गिऱ्हाइकंही तिच्याकडेच बघत. शेवटी शेठ म्हणाले, "ही मातीची उद्या माळ्यावर टाकतो."

तेवढ्यात गोदूमावशी लेकीच्या लग्नाची हळद न्यायला आल्या. काचेतली हळद उन्हानं पार विटलेली. "शेठ, हिनं नवरी पिवळी व्हायची की पांढरी?"

शेठनी घाईघाईनं चिनी बरणी उघडली. आत पिवळीधमक हळद!

"दडवत नव्हते गं, ऊन अडवत होते," चिनी बरणी हसली. "आणि बघायचंच होतं, तर झाकण होतं की!"