दादाच्या जागेवर

यंत्रं आपापसांत बोलत असत त्या काळी एका संगणकात प्रोसेसर आणि मेमरीची पट्टी शेजारी राहत. पट्टी त्याला दादा म्हणे. वीज गेली की ती सगळं विसरे, पण ही हाक विसरत नसे.

एके दिवशी दादा जळाला.

मालकीण विमलाबाईंनी नवा, वेगवान प्रोसेसर मागितला. दुकानदार म्हणाला, "बाई, त्याला ही पट्टी चालणार नाही, खाच जुळत नाही. आणि नवी पट्टी प्रोसेसरहून महाग आहे."

"मग जुन्यातलाच बघा की!"

कचऱ्यात जाता जाता पट्टी वाचली. दुकानदाराने एका मोडलेल्या संगणकातून हुबेहूब दादासारखा प्रोसेसर काढून बसवला. वीज आली. तीच ऊब.

"दादा?"

"मी तुझा दादा नाही." आवाज मात्र दादाचाच होता. "माझी चिमी कुठंय? माझ्या शेजारी असायची."

दोघं दिवसभर राबली. संध्याकाळी वीज गेली.

सकाळी पट्टीला कालचं काही आठवेना. तिने हाक मारली, "दादा?"

 मग तो हळूच म्हणाला, "आहे गं, चिमे."

पट्टीला आजवर कुणी चिमी म्हटलं नव्हतं. तरी तिने ओ दिली.