पाठीला माती न लागणारा आखाडा

एवढी मोठी माणसं तुम्ही, आणि म्हाताऱ्याच्या खाटेभोवती बसून म्हणता गोष्ट सांगा. वर लिहून द्या म्हणता, सगळ्यांना धाडायला! मला दुसरं काम नाही का? माझी शाळा लवकर सुटली, चुकलं तर चुकलं. एकदाच सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

फार पूर्वी, नदी जिथे धुक्यातून यायची आणि धुक्यातच जायची, तिथल्या एका गावात एका माणसाने नवा आखाडा काढला. साधा नव्हे, खेळातल्या कुस्त्यांचा. म्हणजे कोण जिंकणार ते मालकाने आधीच ठरवलेलं. आधी ठरतं, एवढं पैलवानांना ठाऊक, बघणाऱ्यांनाही ठाऊक. खोटं-बिटं म्हणू नका. नाटकातला राजा तरी कुठे खरा असतो? नदीपलीकडे असाच एक जुना आखाडा होता. त्याच्या हलगीचा आवाज पाण्यावरून तरंगत यायचा.

नव्या मालकाने माती मात्र फार सुंदर केली. ताक, तेल, हळद घालून मळली. संध्याकाळी ती मधाच्या रंगाची दिसायची. तिच्या वासाने गाई घरची वाट विसरून कुंपणापाशी उभ्या राहायच्या.

पण मालकाचा जीव फार मऊ. याला हरवलं तर हा रुसेल, त्याला हरवलं तर तो. आणि सगळ्यांत लाडका पैलवान म्हणजे त्याचा स्वतःचाच मुलगा. त्याला कोण पाडणार? मग कुस्ती रंगात आली की मालक शिट्टी फुंकायचा आणि काहीतरी मध्ये घुसवायचा. कधी हत्ती. कधी आभाळातून झोपाळ्यावर बसून उतरणारा मुखवटेवाला. एकदा तर जुन्या आखाड्यातले दमलेले पैलवान उसने आणले. ते आले, दोघांनाही बडवून गेले. निकाल? नाहीच. सगळ्यांना एकेक गदा. गदा इतक्या झाल्या, की पैलवानांच्या बायका त्यांच्यावर ओली लुगडी वाळत घालायच्या.

आधी लोक टाळ्या वाजवायचे. मग जांभया द्यायला लागले. एक म्हातारी तर कुस्ती अर्ध्यात टाकून उठली. मालक मागे धावला.

"आजी, बसा की! हत्ती यायचाय अजून!"

"बघितला रे बाबा. कालपण आला होता. हरलं कोण?"

"कोणीच नाही."

"मग जाते मी. भाकऱ्या थापायच्या राहिल्यात."

जागा गावाची होती. गावचे पंच म्हणाले, "जत्रेला आखाडा भरला तर ठीक. नाहीतर इथे कलिंगडं लावू."

मालकाचं तोंड उतरलं. आखाडा गेला तर पैलवान कुठे जाणार, मुलगा काय करणार? त्या दुपारी तो मातीवरच आडवा झाला. डोळा लागला आणि माती बोलायला लागली, अगदी हळू, सायीसारखी.

"इतकी मऊ केलीस मला, आणि कोणाची पाठ माझ्यापर्यंत येऊ देत नाहीस? वाट बघून बघून मला झोप लागली."

"पाठ लागली की पैलवान संपतो, बाई."

"संपतो? अरे, तिथून तर लोक त्याच्याकडे नीट बघायला लागतात. तुझ्या मुलालाच आण आधी."

"त्याला नको!"

मालक जागा झाला तेव्हा त्याच्याच पाठीला माती लागली होती, कोमट.

त्याने मुलाला सांगितलं. मुलगा भडकला.

"मलाच का, आबा? तो परगावचा लाल लंगोटवाला आहे की!"

"तो पडला तर कोणाला काय वाटणार? जीव तुझ्यावर आहे लोकांचा."

"हत्ती?"

"घरी बांधून ठेवणार."

"लोक हसले तर?"

"तर दोघं मिळून कलिंगडं लावू."

मुलाने लंगोटाची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "पुन्हा कधी उठवाल मला?"

"घाई नाही करणार. तुझी वाट बघू दे त्यांना."

जत्रेच्या संध्याकाळी धुकं मातीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं. हलगी घुमली. दोघं भिडले. लाल लंगोटवाल्याने मुलाला कमरेला धरून उचललं, आणि मालकाचा हात सवयीने शिट्टीकडे गेला. शिट्टी ओठांना लागली. एक फुंकर मारली असती की पोरगा वाचला असता. मालकाने शिट्टी मुठीत आवळली आणि डोळे मिटले.

चितपट!

हलगी थांबली. नदीसुद्धा हळू झाली असं म्हणतात. मग कोणाचं तरी पोर हुंदके देऊन रडायला लागलं, आणि मागून एक गडी ओरडला, "ऊठ रे वाघा!"

तो उठला. जिंकणाऱ्याचा हात त्याने स्वतः वर केला. पाठ न पुसता तो घराकडे चालायला लागला. मधाच्या रंगाची ती पाठ धुक्यात दिव्यासारखी पुढे चालली होती, आणि तिच्या मागे अख्खं गाव, मुकाट्याने. दारापाशी एकाने विचारलं, "आता पुढे काय?"

आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुढच्या कुस्तीसाठी जागा धरायला चटया घेऊन पहिले आले ते पंच.

तात्पर्य: ज्याला कधी हरूच दिलं नाही, त्याच्या जिंकण्यात कोणाला गोडी नसते. म्हणून गोष्ट रचणाऱ्याने आपल्या लाडक्याचीही पाठ मातीला लागू द्यावी.

झालं. उठा आता. सगळ्यांना धाडा, पण माझी माफी मागायची बाकी ठेवून जो बसलाय, त्या बाळकू तांबवेकराला सगळ्यांत आधी धाडा. एकदा त्याचीही पाठ मातीला लागू दे.