वरातीच्या गाडीचा चौथा गिअर

एका तालुक्याच्या गावी एकदा एका मोजणीदाराने वरातीची जुनी गाडी विकत घेतली, आणि घेतल्या दिवसापासून ती लोकांपासून लपवू लागला.

मोजणीदार म्हणजे सरकारी मोजणी खात्यातला माणूस. शेताच्या हद्दी मोजाव्यात, खुणेचे दगड रोवावेत, नकाशावर सही करावी, हेच त्याने तीस वर्षे केले होते. स्वभावाने सरळ, अबोल. त्याची पत्नी ऊर्मिला चौदा महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून तो कचेरीतून घरी आणि घरून कचेरीत, एवढाच चालत होता.

ती गाडी होती लांब नाकाची, उघडी, कापडी टप मागे दुमडून ठेवता येणारी. बावीस वर्षे ती मंडपवाल्या शेठजींकडे होती. तालुक्यातले अर्धेअधिक नवरदेव तिच्या मागच्या बैठकीच्या पाठीवर उंच बसून मिरवले होते. पण अलीकडे नवरदेवांना नव्या, चकाकत्या गाड्या हव्या असतात. म्हणून शेठजींनी ही जवळजवळ भंगाराच्या भावात देऊन टाकली.

"घेऊन जा, साहेब," ते म्हणाले होते. "नाही पटली तर मंगळवारपर्यंत परत आणा. बुधवारी भंगारवाला येतोच आहे."

गावच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिले, खाली वाकून पाहिले आणि हात पुसत तो हसला. "साहेब, ही बाई जन्मभर बँडच्या मागं चाललीय. पहिला गिअर झिजलाय. दुसरा बरा आहे. चौथा मात्र नवाकोरा. त्याला कुणी हातच लावलेला नाही."

मोजणीदाराने ही गाडी हौसेने घेतली नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याचे लग्न ऊर्मिलाच्या गावी लागले. वरातीची ठरवलेली गाडी वाटेतच बंद पडली. दिवस कलायला आला तेव्हा त्याच्या मामांनी रस्त्यात उभे राहून एस.टी. थांबवली आणि सगळे वऱ्हाड तिच्यात चढवले. नवरीला खिडकीशी जागा मिळाली. नवरा मुंडावळ्या बांधून दांड्याला धरून उभा. मध्ये शेल्याची गाठ ताणलेली. प्रत्येक वळणावर लोक त्याच्याकडे पाहत आणि हसत. त्याने घर येईपर्यंत मान वर केली नाही. त्या प्रवासातले त्याला एवढेच आठवत होते, की कान तापले होते आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता.

पुढे ऊर्मिला अधूनमधून म्हणायची, "आपली वरात राहिलीच हं." तो गप्प व्हायचा. कधी म्हणायचा, "काढू कधीतरी." मग ती दुसरा विषय काढायची. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याने किती वेळा ऐकले असेल कोण जाणे. ती गेल्यावर मात्र घरातले बाकीचे सगळे आवाज थांबले आणि हे एक वाक्य तेवढे राहिले. एके दिवशी मंडपवाल्यांच्या गोदामावरून जाताना त्याला ही गाडी विकायला काढलेली दिसली. तो आत गेला आणि घेऊन बाहेर आला.

घेतली खरी, पण मिरवायचे कुणाला? विधुर माणूस, वय त्रेपन्न, आणि दारात वरातीची गाडी. पहिल्याच दिवशी शेजारच्या वकिलांनी कुंपणावरून विचारले, "काय साहेब, आम्हाला पत्रिका कधी?" ते सहज बोलले होते, पण मोजणीदाराने त्याच दुपारी टप वर ओढून घट्ट बसवला. टपाची एक कडी तुटकी होती, तिथे त्याने सुतळी बांधली. पुढचे चार दिवस गाडी काढलीच तर भर दुपारी, मागच्या गल्लीने, काचा वर करून. आत भट्टीसारखे तापत असे. मंगळवार उजाडला तेव्हा त्याने ठरवले, की गाडी परत द्यायची.

जाताना तो आपल्या गुरुजींकडे थांबला. गुरुजींचे वय ब्याऐंशी. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी गणित शिकवलेले. आयुष्यातला कुठलाही मोठा निर्णय त्यांच्या पाया पडून घ्यायचा, अशी मोजणीदाराची सवय होती. त्यांच्या निरिच्छपणाची गोष्ट तर गावात सगळ्यांना पाठ होती. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी त्यांच्यासाठी जीप फुलांनी सजवली होती. गुरुजींनी हात जोडले, छत्री काखेत धरली आणि ते पायी घरी गेले.

मोजणीदाराने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "लोक हसतात, गुरुजी. आणि तिची एक इच्छा होती ती मी ती असताना पुरी केली नाही. आता नुसती गाडी ठेवून काय करू? परत देतो. उद्या भंगारात जाईल, म्हणजे संपेल एकदाचं."

गुरुजींनी ऐकून घेतले. मग ते उठून ओट्यावर आले आणि गाडीकडे पाहत म्हणाले, "श्रीधर, हा टप उघडतो का?"

"उघडतो. एक कडी तुटलीय, पण उघडतो."

"उघड."

मोजणीदाराने सुतळी सोडली. टप कुरकुरत मागे गेला. गुरुजींनी आतून आपली काळी टोपी मागवली, ती नीट बसवली आणि मोजणीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन गाडीत चढले. पण ते सीटवर बसले नाहीत. मागच्या बैठकीच्या पाठीवर, जिथे नवरदेव बसतात तिथे, ते उंच बसले आणि पाय खाली सीटवर टेकवले.

त्यांच्या सूनबाई धावत बाहेर आल्या. "बाबा, अहो हे काय? पडाल तिथून."

"पडलो तर वरातीत पडलो म्हणून सांग," गुरुजी म्हणाले. "श्रीधर, चल. बाजारातून घे."

"गुरुजी, आज मंगळवार. बाजार भरलाय."

"म्हणून तर."

मोजणीदाराला यातले काहीच उमगेना. ज्यांनी फुलांची जीप नाकारली, ते आज वरातीच्या गाडीत नवरदेव होऊन बसले होते. पण गुरुजींना 'का' म्हणून विचारायचे त्याला शाळेतही कधी जमले नव्हते. त्याने पहिला गिअर टाकला.

बाजारात गाडी चालण्याच्याच वेगाने पुढे सरकत होती. त्या वेगाची तिला सवय होती. चहाच्या टपरीवरून पहिली हाक आली, "मोजणीसाहेब, नवरदेव जरा जास्तच पिकलाय की."

"पिकलेलाच गोड असतो," गुरुजी वरून म्हणाले. "तुझ्यासारखं कच्चं कोण घेईल?"

सगळी टपरी हसली. भाजीवाल्यांनी टोपल्या मागे ओढून वाट करून दिली. कुणीतरी झेंडूचे एक फूल गुरुजींच्या मांडीवर टाकले. एक म्हातारा हातातली कोथिंबिरीची जुडी हलवत पाच पावले गाडीपुढे नाचला. मोजणीदाराची नजर समोरच्या काचेवर खिळली होती. कान तापले होते, अगदी सत्तावीस वर्षांपूर्वीसारखे.

आणि मग ज्याची त्याला धास्ती होती तेच झाले. बाहेरगावचा एक कांदेवाला, ज्याला काही ठाऊक नव्हते, तो मोठ्याने म्हणाला, "नवरा दिसतोय, ड्रायव्हर दिसतोय, मग नवरी कुठाय?"

आजूबाजूचे हसणे एकदम थांबले. माहीत असलेल्यांनी माना फिरवल्या. मोजणीदाराचा पाय ब्रेकवर गेला आणि गाडी तिथेच बंद पडली.

ती बंद पडली हौसाबाई कासारणीच्या बांगड्यांच्या दुकानासमोर. हौसाबाई उठली, पदर खोचून गाडीपाशी आली आणि तिने दारावर हात ठेवला.

"साहेब, ही घेतली होय तुम्ही?" ती म्हणाली. "वहिनींना दाखवायला पायजे होती. तरी त्या म्हणाल्या असत्या, की ह्याच्यापेक्षा आमची लाल गाडी मोठी होती."

मोजणीदाराने मान वर केली. "कसली लाल गाडी?"

"एस.टी. हो. तुमची वरात." हौसाबाई आता आसपासच्या सगळ्यांनाच सांगू लागली. "दर संक्रांतीला बांगड्या भरायला यायच्या आणि दरवेळी नव्या बाईला गोष्ट सांगायच्या. म्हणायच्या, तालुक्यात एवढी मोठी वरात कुणाची निघाली नाही. पन्नास वऱ्हाडी आणि सरकारी ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरनं म्हणे मुंडावळ्या बघितल्या आणि कंडक्टरला सांगितलं, आता घंटी मारू नको, आता मी वाजवतो. मग जे गाव येईल तिथं हॉर्न. लोक घरांतून बाहेर येऊन हात करायचे. आणि आमचे हे, म्हणायच्या, दांड्याला धरून असे उभे, जसं काही गाडीच ह्यांनी तोलून धरलीय. गाठ सुटू नये म्हणून शेला मुठीत आवळलेला. घर येईपर्यंत सोडला नाही. एवढं सांगून त्या इतक्या हसायच्या, की हातात भरलेली बांगडी पिचायची. दोन-तीनदा पिचलीय."

"मला कधी सांगितलं नाही तिने," मोजणीदार म्हणाला.

"तुम्हाला कशी सांगणार? म्हणायच्या, घरात नुसतं 'वरात राहिली' म्हटलं तरी ह्यांचा चेहरा पडतो. मग पुढची गोष्ट पोटातच ठेवते."

कांदेवाल्याला कुणीतरी कानात काय ते सांगितले असावे. तो खजील होऊन पुढे आला आणि गाडीला मागून हात लावत म्हणाला, "चला साहेब, धक्का मारतो." चारसहा जण आणखी आले. पाठीवर बसलेले गुरुजी एकदा मागे झुकले, एकदा पुढे, टोपी सांभाळत. गाडी धक्क्याने सुरू झाली तेव्हा बाजार पुन्हा हसला. त्या हसण्यात या खेपेला मोजणीदाराचाही आवाज होता. तो ऐकून त्यालाच नवल वाटले.

गावाबाहेर नाक्यावर गुरुजींनी गाडी थांबवायला सांगितली आणि ते सावकाश उतरून पुढच्या सीटवर येऊन बसले. मोजणीदाराने इंजिन सुरूच ठेवले आणि हात स्टिअरिंगवर टेकले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच छातीवरचे काहीतरी खाली ठेवल्यासारखे त्याला वाटत होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्हाला ही गोष्ट ठाऊक होती?"

"नाही. एवढंच ठाऊक होतं, की तुझ्या घरात नसलेलं तिचं काहीतरी बाजारात कुणापाशी तरी असणार. सव्वीस वर्षं बाई गावात वावरली. गेलेलं माणूस एकाच घरात उरत नाही. थोडं कासारणीकडे उरतं, थोडं पिठाच्या गिरणीत, थोडं शेजारी. ते द्यायला लोक तयार असतात. पण तू टप लावून, काचा वर करून मागच्या गल्लीने हिंडत होतास. तुझ्या हातात कोण काय देणार?"

मोजणीदाराने मागे दुमडलेल्या टपाकडे पाहिले.

"आणि तू मोजणीदार आहेस," गुरुजी पुढे म्हणाले. "शेत मोजायच्या आधी लगतच्या खातेदाराला नोटीस देतोस की नाही? त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय हद्द कायम करत नाहीस. मग त्या एस.टी.तला दिवस तू एकट्यानेच मोजलास आणि एकट्यानेच दगड रोवलास, असं का? त्या दिवसाला दोन खातेदार होते, श्रीधर. दुसऱ्या खातेदाराच्या बाजूला काय पिकलं होतं, ते तू आज पाहिलंस."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. मग मोजणीदाराने भीतभीत विचारले, "पण तुम्ही तर निवृत्तीच्या दिवशी जीपसुद्धा नाकारली होती. मग आज हे?"

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लोक त्याला निरिच्छपणा म्हणतात, मीही म्हणू दिलं. खरं सांगू? लोक हसतील याची मला भीती वाटली होती. मुलांनी पहाटे उठून फुलं ओवली होती. ती कोमेजेपर्यंत ती मुलं त्या जीपपाशी उभी होती, हे मला मागाहून कळलं. तेव्हापासून ते मनात सलत होतं." त्यांनी खिशात ठेवलेले झेंडूचे फूल काढून पाहिले. "आज जरा कमी झालं."

नाक्यापुढे फर्लांगभर अंतरावर मंडपवाल्यांचे गोदाम होते. गाडी परत येतेय असा सकाळीच निरोप मिळाल्याने शेठजी फाटक उघडून वाट पाहत उभे होते. मोजणीदाराने गाडी पुढे काढली. पहिला गिअर, दुसरा, मग तिसरा. फाटक जवळ आले तसा शेठजींनी आत वळवण्यासाठी हात केला. मोजणीदारानेही हात केला, पण वळण्यासाठी नव्हे. शेठजी क्षणभर तसेच उभे राहिले, मग मान हलवून हसले आणि फाटक लावून घेऊ लागले.

पुढे रस्ता सरळ होता. मोजणीदाराने क्लच दाबला आणि चौथा गिअर टाकला. तो अडकेल, कुरकुरेल असे त्याला वाटले होते. तो लोण्यात बोट जावे तसा गेला.

"कसा आहे?" गुरुजींनी विचारले.

"नवाकोरा आहे."

गाडीने वेग घेतला. बावीस वर्षांत तिला असा वारा कधी लागला नव्हता. टप जिथे दुमडून बसतो त्या मागच्या खाचेत, जिथे झाडू पोचत नव्हता तिथे, वारा शिरला आणि तिथे साचलेले सगळे उसळून वर आले. वाळलेल्या पाकळ्या, चमकीचा चुरा आणि कुंकवात रंगलेले तांदूळ. कुणाकुणाच्या लग्नातल्या त्या अक्षता वाऱ्यावर गिरकी घेऊन पुढे आल्या आणि दोघांच्या अंगावर पडल्या.

गुरुजींनी आपल्या टोपीवरच्या झटकल्या. मोजणीदाराने खांद्यावरच्या तशाच राहू दिल्या. समोर एक लहानसे गाव येत होते. रस्ता मोकळा होता, आडवे कुणी नव्हते. तरी त्याने हॉर्न वाजवला, आणि गाव मागे पडेपर्यंत वाजवत राहिला.